लक्षात ठेवणं ही कोणाची सेवा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या पंधरवड्यात आपल्या ग्रुपवर एक संदेश चांगलाच फिरला. बायकांना वीस वर्षांपूर्वीचं भांडण तारीखवार आठवतं आणि पुरुषांना सकाळी सांगितलेली कोथिंबीर आठवत नाही, कारण देवानेच मेंदू तसे घडवलेत, असा त्याचा आशय. हसलो आम्हीही. पण खाली तीन-चार गुरुबंधूंनी 'अगदी बरोबर, म्हणून तर सगळं हिच्यावर सोपवलंय' असं लिहिलं, तेव्हा हसू जरा थांबलं. देवाचं नाव घेतलं की पुढे बोलायलाच जागा राहत नाही ना! म्हणून मंडळातल्या आम्ही काही जणींनी ठरवलं, मानसशास्त्र खरोखर काय सांगतं ते तरी पाहू या.

फरक आहे, तो नाकारायचं कारण नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये ६१७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १२ लाखांहून जास्त माणसं होती. शब्द, वाक्यं, चेहरे, वास यांची आठवण ठेवण्यात स्त्रिया पुढे. रस्ता लक्षात ठेवण्यात आणि ज्यांना नाव देता येत नाही अशा आकृत्या आठवण्यात पुरुष पुढे.

पण पुढे म्हणजे किती? एकूण आठवणीतला हा फरक लहान आहे. तो असा समजा, कोणतीही एक स्त्री आणि कोणताही एक पुरुष अशा १०० जोड्या लावल्या, तर साधारण ५५ जोड्यांत बाईची आठवण सरस निघेल आणि ४५ जोड्यांत पुरुषाची. आता सासऱ्यांच्या गोळ्या, गॅसचा नंबर, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस, शाळेची मीटिंग, श्रावणातले उपास, हे सगळं एकाच डोक्यात ठेवायचं, ही वाटणी ५५-४५ मधून कशी निघाली? ती मेंदूने केलेली नाही.

१९९२ सालचा एक प्रयोग आम्हाला फार आवडला. लोकांना काहीतरी तयार करण्याच्या सूचना दिल्या. मजकूर सगळ्यांना तोच, फक्त वर मथळा वेगळा. काहींना सांगितलं, या शर्ट शिवायच्या सूचना आहेत. काहींना सांगितलं, या सुतारकामाचं टेबल बनवायच्या आहेत. शर्ट म्हटल्यावर बायकांना जास्त आठवलं, टेबल म्हटल्यावर पुरुषांना. मजकुरात एका अक्षराचा फरक नाही हो! 'हे माझं काम' असं वाटलं की मन ते धरून ठेवतं, 'हे माझं नाही' वाटलं की सोडून देतं.

आपल्याकडे तर याचे दाखले शोधायला लांब जायला नको. घनपाठी वैदिक ब्राह्मण पुरुषच, आणि त्यांच्या पाठांतरापुढे जग नतमस्तक होतं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की पुरुषांना शब्द लक्षात राहत नाहीत. इकडे जात्यावर बसणाऱ्या, अक्षर न शिकलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या मुखोद्गत ठेवल्या. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी त्या गोळा करायला घेतल्या, तर संख्या लाखाच्या वर गेली. ज्याच्याकडे जे सोपवलं, ते त्याने सांभाळलं.

शिक्षण आणि राहणीमान बदललं की हे फरकही हलतात. २०१४ मध्ये १३ युरोपीय देशांतल्या पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे परिस्थिती सुधारली तिथे बायकांची आठवणीतली आघाडी वाढली आणि हिशेबातली पिछाडी कमी झाली. म्हणजे 'मुलींना गणित जमत नाही' हेही जरा जपूनच म्हणायला हवं.

तरी कोणी विचारेल, समजा उद्या फरक मोठा निघाला, मग? मग काय! ज्याची नजर अधू तो चष्मा लावतो. ज्याला आठवत नाही त्याने लिहून ठेवावं, मोबाईलमध्ये गजर लावावा. क्षमता कमी म्हणून जबाबदारी संपते हा न्याय आपण चष्म्याला लावत नाही, तर आठवणीला का लावायचा?

आपल्याच परिवारातल्या एका घरी ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात, आणि घरी सासऱ्यांना रक्तदाबाची कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री, हे कोणालाच ठाऊक नाही. शेवटी भूल उतरते न उतरते तोच ताईंनाच फोन. यजमान स्वतः हिशेबनीस, पन्नास पक्षकारांच्या जीएसटीच्या तारखा त्यांना तोंडपाठ. माणूस वाईट नाही, वडिलांवर जीवही आहे. पण ती गोळी त्यांच्या मनाने कधी 'माझी' म्हणून घेतलीच नव्हती. आणि गुरुवारची आरती ते एकदाही विसरलेले नाहीत, हेही खरं.

दुसरी बाजूही लिहायला हवी. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत स्त्रीवाचक विभूती सांगतात. तिथे स्मृती आहे, मेधा आहे, आणि त्याच ओळीत शेवटी क्षमा आहे. आपल्यातल्या काही जणी स्मृतीवरच थांबतात. 'माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही' यात थोडा अभिमानही असतो, आणि तो सोडून यादी दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना जड जातं. नवऱ्याने आणलेली चुकीची डाळ मग महिनाभर ऐकवली जाते, आणि पुढच्या वेळी तो बिचारा विचारतही नाही.

आम्ही एवढं केलं की, पारायणाच्या साहित्याची आणि ज्येष्ठांना घरून आणण्या-सोडण्याची यादी या महिन्यापासून गुरुबंधूंकडे दिली. आठवण करून द्यायची नाही, असंही आपसांत ठरलं. पहिल्या गुरुवारी नारळ आणि कापूर राहिला. दोघे जण स्कूटरवरून जाऊन घेऊन आले, आरती वीस मिनिटं उशिरा झाली. दुसऱ्या गुरुवारी सगळं होतं, वर उदबत्तीचे दोन पुडे जास्तच.