शब्द आणि कागद

पिंपळगाव बसवंत व आसपासच्या निफाड तालुक्यात द्राक्षांची तोडणी सुरू झाली म्हणजे बागेच्या बांधावर एक वाक्य वारंवार कानी पडते: "दादा, आपल्यांत कागद कशाला?" बोलणारा बहुधा व्यापारी असतो, आणि बागाईतदार संकोचाने गप्प राहतो. लेखी मागितले तर समोरच्याच्या इमानावर संशय घेतल्यासारखे होईल, अशी त्यास भीती वाटते. ही भीती कितपत योग्य आहे, ह्याचा वाचकांनी आमच्याबरोबर थोडा विचार करावा.

कांदा चाळीत ठेवता येतो, द्राक्ष ठेवता येत नाही. माल पिकला की तोडावाच लागतो. भाव बागेतच ठरतो, क्रेट मोजून गाडी परप्रांतास जाते, आणि पैसा मागाहून यावयाचा असतो. म्हणजे भरवसा ठेवावयाचा तो एकट्या शेतकऱ्यानेच. व्यापाऱ्याच्या हाती माल आलेलाच असतो. अशा रीतीने बुडालेल्या रकमांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर ह्यांस त्यांत जातीने लक्ष घालावे लागले.

तोंडी करार कायद्याने खोटा ठरत नाही. १८७२ चा करार कायदा त्यास मान्यता देतो. अडचण येते ती पुराव्याची. क्रेट किती, भाव काय, पैसे कोणत्या दिवशी, हे चार महिन्यांनी दोघांस निरनिराळे आठवते, आणि ते दर वेळी लबाडीनेच असे नाही. सज्जनाचीही स्मृती आपल्या सोयीकडे झुकते. मग जो लेखी मागतो त्याने कोणाचा अपमान केला, हे आम्हांस कळत नाही. यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले ते प्रत्यक्ष चुलत भावाकडून. तरी त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षी घेतले, आणि एक मोहोरबंद व एक उघडे अशी दोन्ही खते मातीच्या भांड्यात ठेवविली. हनामेल त्यामुळे रुसला, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

तथापि नुसत्या कागदावर भिस्त ठेवणाऱ्यांनी १८७५ चा मे महिना आठवावा. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. त्या खतांवरील निशाण्या कुणब्यांच्याच होत्या, पण अक्षर, हिशेब व पेटी सावकाराची. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खते गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची व सावकाराने पावती देण्याची सक्ती केली.

तेव्हा सौद्याची चिठ्ठी दोन प्रतींत असावी, तीवर दोघांच्या सह्या असाव्या, आणि एक प्रत शेतकऱ्याच्या घरी राहावी. धनादेश मिळाला व तो वटला नाही, तर बँकेचे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःस वाचता येत नसेल त्याने ती चिठ्ठी शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि तीही व्यापाऱ्यासमक्ष. एवढ्यासाठी गाडी अर्धा तास थांबली तर द्राक्षे नासत नाहीत.