शास्त्र हा कौल नव्हे

वाचावयाचा भाग : स्तोत्रसंहिता 42 व 43, मत्तय 4:1-11



मुंबईच्या उत्तरेस, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेकडे, पूनम सागर नांवाची मोठी वसाहत आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी तेथें एका घरीं गेलों. घरधन्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. त्याची पत्नी आपल्या खेड्याच्या मंडळींतच लहानाची मोठी झालेली. ती पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन रडत होती. रोज सकाळीं डोळे मिटून ती पुस्तक उघडी, बोट ठेवी, आणि बोटाखालीं येईल तें वचन देवानें त्या दिवसासाठीं दिलें असें मानी. त्या सकाळीं बोट यशयाच्या 38 व्या अध्यायावर पडलें. तेथें आजारी हिज्कीया राजाला संदेष्टा सांगतो कीं, घराची व्यवस्था लाव, तूं आतां वांचणार नाहींस.

"पाळकसाहेब, देवाचें उत्तर हेंच ना?" तिनें विचारलें.

मीं तिला पुढच्या चार ओळी वाचावयास सांगितल्या. राजा भिंतीकडे तोंड करून रडला, त्यानें प्रार्थना केली, आणि देवानें त्याचें आयुष्य 15 वर्षांनीं वाढविलें. तिचें मुख उजळलें. "म्हणजे आम्हांलाही पंधरा वर्षें मिळतील?"

आतां मला अधिक जड काम करावें लागलें. नाहीं बाई, असेंही नाहीं. तें अभिवचन हिज्कीयाला होतें. त्यांतून तुम्हांला एवढें कळतें कीं, देव रडणाऱ्याचें ऐकतो. पण उद्यां काय होईल तें या पानावर लिहिलेलें नाहीं. त्या घरांत, त्या वेळीं, हें बोलणें मला सोपें गेलें नाहीं.

बंधूंनो, आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळ जण देवळांत कौल लावीत. मूर्तीला चिकटविलेली पाकळी एका बाजूस पडली तर होकार, दुसऱ्या बाजूस पडली तर नकार. तें सोडून आपण प्रभूकडे आलों, पण ती खोड हळूच शास्त्राच्या पानांत शिरूं पाहते. एखादेंच वचन तोडून पुढें करणें सैतानालाही येतें. मंदिराच्या शिखरावर त्यानें प्रभूला 91 वें स्तोत्रच ऐकविलें! प्रभूनें त्या परीक्षेंत तीन उत्तरें दिलीं, आणि तीनही अनुवादाच्या 6 व्या व 8 व्या अध्यायांतलीं आहेत. रानांत पानें चाळावयास कोठें सवड होती? जें पूर्वीं अंतःकरणांत सांठविलें होतें, तेंच भुकेच्या वेळीं मुखांत आलें.

मीरा-भाईंदरच्या खाडीकांठीं मीठ पिकविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भरतीचें पाणी बांधाआड घेतात, मग तें उथळ वाफ्यांत सोडतात. ऊन आणि वारा त्याला दिवसेंदिवस आटवितात, तेव्हां कोठें तळाशीं खडे धरतात. पहिल्या दिवशीं पाहणाऱ्याला गढूळ पाण्यावांचून कांहीं दिसत नाहीं. रोज अध्याय वाचूनही मन कोरडेंच राहतें, अशी तक्रार आपले सुवार्तिक बंधू करितात. (मीही केली आहे.) पाणी आंत घेतलें आहे ना? मग बांध फोडूं नका.

त्या संध्याकाळीं आम्हीं 42 वें व 43 वें स्तोत्र मोठ्यानें वाचलें. कवि स्वतःच्याच जिवाला विचारतो कीं, तूं असा कां खचलास. आणि देवाची आशा धरावयास त्यालाच बजावितो. दोन स्तोत्रांत मिळून हें तो तीन वेळां करितो. मध्यें लाटा त्याच्या अंगावरून जातातच, शत्रू टोमणे मारतातच. पहिल्या खेपेस मन शांत झालें असतें, तर तिसऱ्या खेपेस बोलण्याचें कारण काय होतें? तेव्हां ज्या विश्वासणाऱ्याला एकच गोष्ट आपल्या मनाला सकाळीं, दुपारीं व रात्रीं पुन्हां सांगावी लागते, त्यानें आपला विश्वास खोटा आहे असें समजूं नये.

कोणी म्हणेल, आम्हांला वाचतां येत नाहीं. तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून रोज रात्रीं एक भाग वाचवून घ्या. साध्या माणसांना समजावें म्हणूनच पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केडगांवच्या मुक्ति मिशनांत सोप्या मराठींत शास्त्राचें भाषांतर केलें. 1921 सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या दुःखांतही बाईंनीं तें काम शेवटास नेलें. ता. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, व 1924 सालीं तो ग्रंथ छापून निघाला.

पूनम सागरमधील त्या बंधूची शस्त्रक्रिया झाली. उपचार अद्याप चालू आहेत. त्याच्या पत्नीनें त्या संध्याकाळपासून रोज एक स्तोत्र क्रमानें वाचावयास घेतलें. सुमारें दीड महिन्यानें तिचा निरोप आला : "पाळकसाहेब, 88 वें स्तोत्र अंधारांतच संपतें. असलें शास्त्रांत कां ठेवलें असेल, म्हणून मी फार विचार केला. मग दिसलें कीं, तो माणूस अंधारांतही देवाशींच बोलत आहे. काल रात्रीं दवाखान्यांतल्या बांकावर बसून मीही बोललें."