थंड यंत्र गरम कशावरून ठरते?

न्हावाशेवाला उतरवलेली हायड्रॉलिक प्रेस कितीही टनांची असो, हाताला थंडच लागते. तिच्या आत भट्टी नसते, लालबुंद लोखंडही नसते. तरी बिल ऑफ एंट्री भरणाऱ्याला आधी ठरवावे लागते, की ही प्रेस गरम धातूची की थंड धातूची. व्यापारी मालाच्या जागतिक वर्गीकरणाच्या, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीने हा प्रश्न टाळता न येण्याजोगा केला. त्याआधी फोर्जिंग आणि डाय-स्टॅम्पिंगची यंत्रे, त्यांच्या प्रेस आणि हॅमर हे सगळे ८४६२.१० या एकाच उपशीर्षकात बसत. आता गरम धातूच्या बंद डायच्या फोर्जिंग यंत्रांना ८४६२.११, त्याच गटातल्या बाकीच्या यंत्रांना ८४६२.१९, आणि थंड धातूवर चालणाऱ्या प्रेसना ८४६२.६१ पासून पुढचे आकडे आहेत.

म्हणजे ज्या उष्णतेवरून यंत्राचे वर्गीकरण व्हायचे, ती यंत्रात नाहीच. ती पुढे कधीतरी, कारखान्यात, दुसऱ्याच एका वस्तूत असणार आहे. मग वस्तू काय आहे हे तिच्यातल्या गुणांवरून ठरवायचे, की तिच्या उपयोगावरून, की लोक तिला जे म्हणतात त्यावरून? कस्टम्सच्या टेबलावर आलेला हा प्रश्न भारतीय दर्शनांचा फार जुना प्रश्न आहे.

वैशेषिकांनी तर तो तापलेल्या धातूवरच सोडवून पाहिला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सोने पृथ्वी या द्रव्यात येत नाही, तेजात येते. यामागचा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. तूप किंवा लाख ही पार्थिव द्रव्ये आचेवर वितळतात, पण आच वाढवत नेली की जळतात आणि त्यांचे द्रवपण नष्ट होते. सोने मात्र कितीही तापवले तरी द्रवच राहते, म्हणून ते पार्थिव नव्हे. त्याचे द्रवपण आगीमुळे आलेले आहे, जन्मजात नाही, म्हणून ते पाणीही नव्हे. त्याला रूप आहे, म्हणून वायू नव्हे. उरले तेज. पिवळा रंग आणि वजन हे त्यात मिसळलेल्या पार्थिव भागाचे, असे नैयायिक सांगत. मीमांसकांना हे पटले नाही, आणि आजच्या रसायनशास्त्रालाही पटणार नाही. पण या पंडितांची शिस्त मात्र आजही मोलाची आहे. त्यांनी सोन्याचा थाट पाहिला नाही, बाजारभाव पाहिला नाही. ते आगीत काय करते ते पाहिले आणि त्यावरून जात ठरवली.

‘गरम’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. धातुशास्त्रात गरम-थंड हे थर्मामीटरवर ठरत नाही, धातूचे कण नव्याने घडू लागतात त्या तापमानावर ठरते. शिसे घरच्या तापमानालाच ती हद्द ओलांडते, तर टंगस्टनवर १००० अंशांना केलेले काम शास्त्राच्या दृष्टीने थंडच असते.

मग असा भेद वस्तूतला खरा, की आपण आखलेला? याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त खरी जात मानायला आड येणाऱ्या सहा बाधकांची चर्चा केली आहे. त्यांतला एक आहे संकर. भूतत्व, म्हणजे महाभूत असणे, आकाशात आहे, पण तिथे मूर्तत्व, म्हणजे मर्यादित आकार असणे, नाही. मूर्तत्व मनात आहे, पण तिथे भूतत्व नाही. पृथ्वीत मात्र दोन्ही आहेत. असे दोन धर्म एकमेकांना अर्धवट छेदत असतील, तर त्यांना खऱ्या जाती मानता येत नाही. त्या आपण लावलेल्या उपाधी.

मोटारीच्या सांगाड्याचे मजबूत खांब घडवणारी हॉट स्टॅम्पिंग लाइन पाहिली की उदयनाचार्यांचे म्हणणे समोर उभे राहते. बोरॉनयुक्त पोलादाचा पत्रा सुमारे ९०० अंशांच्या पुढे तापवतात, प्रेसमध्ये दाबतात आणि पाण्याने गार ठेवलेल्या डायमध्येच कडक करतात. काम गरम आहे, पण ते फोर्जिंग नाही. यंत्र प्रेस आहे, पण ती थंड धातूची नाही. गरम यंत्रांच्या गटाचा मजकूर फोर्जिंगचे नाव घेतो, प्रेसच्या गटाचा मजकूर थंड धातूचे. अशा वेळी कुठल्या शब्दावर किती भार द्यायचा, यावर वाद होणारच.

मग उपाधी म्हणजे मनमानी का? नाही, आणि नेमके इथेच यंत्राकडे जवळून पाहायला हवे. तापलेला तुकडा डायमध्ये जितका रेंगाळेल तितका तो निवतो आणि डाय तापते. म्हणून गरम फोर्जिंगच्या यांत्रिक प्रेसची रॅम झटक्यात खाली येऊन झटक्यात वर जावी अशी रचना असते. तयार नग बाहेर ढकलणारा इजेक्टर असतो, डायवर वंगण फवारण्याची सोय असते. उद्याचा उपयोग आजच्या लोखंडात असा उमटलेला असतो. वर्ग माणसाने आखला, पण वस्तू त्यात बसते की नाही याची साक्ष वस्तूच देते.

कायद्यानेही हाच मार्ग धरला आहे. एकाच यंत्राचे अनेक उपयोग असतील तर मुख्य उपयोग हाच एकमेव मानावा, असे चौऱ्याऐंशीव्या प्रकरणाची टीप सांगते. सुटे भाग वेगवेगळ्या पेट्यांत आले तरी मूळ वस्तूच आली असे समजावे, असे अर्थ लावण्याचा दुसरा नियम सांगतो. ‘मिलिंदपन्हो’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? नागसेनाच्या मते रथ हे त्या भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव. पेट्या मोजणारा अधिकारीही अखेर व्यवहाराचाच आधार घेतो.

लोकभाषेचा आधारही न्यायालयांनी घेतला आहे. अकोल्याच्या विक्रीकर प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने विड्याचे पान भाजी नव्हे असे ठरवले, ते वनस्पतिशास्त्रावरून नव्हे, रोजच्या बोलण्यावरून. विड्याच्या पानाला ही कसोटी योग्यच होती. फोर्जिंग प्रेसला ती अपुरी पडते, कारण बाजारात साऱ्याच प्रेसना नुसते प्रेस म्हणतात.

भारतात २०११ पासून सीमाशुल्काची आकारणी पहिल्यांदा आयातदार आणि निर्यातदार स्वतःच करतात. वस्तू काय आहे हे सांगण्याचे काम सरकारचे असण्याआधी त्यांचे झाले आहे. पहिले सहा आकडे साऱ्या जगात समान असल्याने इथे लिहिलेला आकडा समुद्रापलीकडेही वाचला जातो. म्हणून इन्व्हॉइसवर ‘हायड्रॉलिक प्रेस’ एवढेच लिहून थांबू नये. धातू कोणत्या तापमानाला आत जातो, डाय बंद आहे की उघडी, तापवणारी भट्टी सोबत आहे की नाही, हे सगळे लिहावे. आणि तरीही शंका उरली, तर माल जहाजावर चढण्याआधी आगाऊ निर्णय मागावा; त्यासाठीचे प्राधिकरण मुंबईतही आहे.