गाय आडवी करता येते का?

अमेरिकेत म्हणे टवाळ पोरं रात्री उभ्यानं झोपलेली गाय ढकलून पाडतात. अहो, गाय गाढ झोपते ती बसून! आणि उल्हासनगरच्या भर रस्त्यात उभी असलेली चारशे किलोंची गाय रिक्षांच्या भोंग्यांनाही दाद देत नाही. तिथं आपण कोण? तरी छळलंच, तर १९६० चा कायदा आहे : पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. व्याजाचे दर कितीदा बदलले, हा तसाच!

पण जे आपल्याच्यानं होतच नाही, ते न केल्याचं पुण्य कुठल्या खात्यात जमा करायचं? शिळी पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोपऱ्यावर टाकायला ताकद लागत नाही. गाय ती पिशवीसकट गिळते. वर आपण तिच्या पाठीला हात लावून नमस्कार करतो. पुढं गाय आडवी होते, तेव्हा ढकलणारा कुणालाच दिसत नाही.