वीतभर झोपडी

मनुष्याला जग लहान करून पाहण्याची ओढ का असावी? दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्याच्या उतारावर मोहरी पेरून शेते उगवतात आणि बुरुजांवर मावळे उभे करतात. नाताळात आपल्या घरोघरी गोठा मांडला जातो. आरशाच्या तुकड्याचे तळे होते आणि कापसाचा बर्फ पडतो. या निर्मितीला आपण खेळ म्हणतो आणि पुढे जातो. परंतु जो कोणी जग घडवतो, मग ते वीतभर का असेना, त्याच्याकडे त्या जगाची सत्ता येते. सत्ता आली की तिचा हिशेबही द्यावा लागतो. हा विचार माझ्या मनात आला तो अच्छाडच्या आमच्या परसात, एका छोट्या रेल्वेपाशी.

महाराष्ट्रात अशा छंदाचे नाव निघाले की पुण्याची आठवण होते. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून साकारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे सारे नगर छपराखाली, पाहणाऱ्याच्या नजरेच्या एका टप्प्यात वसले आहे. बागेतील रेल्वे मात्र उघड्यावर असते. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ साली ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर, ऊनपावसात चालणारी गाडी बाजारात आणली आणि या छंदाला घराबाहेरची वाट मोकळी झाली. अच्छाडला रेल्वेचे स्टेशन नाही. येथे रात्रंदिवस ऐकू येते ती महामार्गावरील मालमोटारींची घरघर. लोहमार्ग पश्चिमेला घोलवड, संजाण, भिलाडवरून जातो. त्यामुळेच की काय, माझ्या भाच्याला आगगाडी परसात हवी होती.

काम हाती घेतल्यावर कळले की निसर्ग कोणाच्या प्रमाणात लहान होत नाही. पावसाचा थेंब आपल्या छोट्या फलाटावर घागरीएवढा आदळतो. पहिल्याच पावसाळ्यात मुरुमाचा भराव वाहून गेला, म्हणून खाली खडीचा थर देऊन पाण्याला वाट करून द्यावी लागली. लोखंड गंजते, म्हणून रूळ पितळेचे घेतले. ते उन्हात वाढतात, म्हणून सांध्यांत फट ठेवली. रुळांवर धूळ बसून वीजप्रवाह तुटू लागला, तेव्हा इंजिनाच्या पोटातच बॅटरी बसवली. चढ शंभरास दोनपेक्षा अधिक ठेवला तर डबे ओढताना चाके जागीच फिरतात.

या तपशिलांत सत्यासत्याचा प्रश्नही दडलेला आहे. बागेतील रेल्वेचे एक रूढ प्रमाण साडेबाविसास एक असे आहे. त्या मापाने ४५ मिलिमीटरचा रूळ म्हणजे मीटरगेज. आपल्या पश्चिम रेल्वेचा मार्ग १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. तो त्याच मापात खरा दाखवायचा तर रूळ सुमारे ७५ मिलिमीटर रुंद हवा, आणि तसा बाजारात तयार मिळत नाही. आम्ही अरुंद रुळावर रुंद डबा चढवला आणि ते खोटेपण मान्य केले. कोणतीही प्रतिकृती काही ना काही वगळूनच तयार होते. तो दोष नव्हे. परंतु काय वगळले, आणि कोणाच्या सोयीसाठी वगळले, हे मात्र विचारले पाहिजे.

शेजारच्या एका वृद्ध वारली गृहस्थांनी आमच्या रेल्वेसाठी कौतुकाने एक झोपडी करून दिली होती. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणाचे सारवण, वर गवताचे छप्पर. सारी मिळून वीतभर. एके दिवशी लांब डबे वळणावर घसरू लागले. वळण मोठे करणे भाग होते आणि झोपडी नेमकी वाटेत होती. भाच्याने विचारले, "मामा, ही आड येते. उचलू का?" मी मान वर न करताच म्हणालो, "उचल." त्याने आढ्याला दोन बोटे लावून ती उचलली आणि तुळशीवृंदावनाच्या मागे नेऊन ठेवली. संध्याकाळी ते गृहस्थ आले. त्यांनी मोकळी जागा पाहिली आणि हसत एवढेच विचारले, की घरातली माणसे कुठे गेली?

त्यांनी थट्टाच केली होती. पण मला हसू आले नाही. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेची कोनशिला २०१७ साली बसली. ५०८ किलोमीटरांच्या या मार्गाच्या वाटेत आमचा तलासरी तालुकाही आहे, आणि त्यासाठीच्या भूसंपादनाला पालघर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी ठराव करून विरोध नोंदवला होता. त्या काळात मी तावातावाने बोलत असे, की नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना घरे दिसत नाहीत. आता माझ्याच परसात मी मान वर न करता 'उचल' म्हणालो होतो.

रेल्वे नको, असे म्हणणारा मी नव्हे. डहाणू-घोलवडच्या चिकूला, येथील कष्टकऱ्याला आणि शिकू पाहणाऱ्या मुलाला मुंबई जवळ झाली ती लोहमार्गामुळेच. नकाशा काढल्यावाचून मार्ग होत नाही आणि नकाशा उंचावरूनच काढावा लागतो. खेळातील झोपडी हलवल्याने कोणाचे घर मोडत नाही, हेही खरे. तथापि हाताला सवय लागते ती अशा निरुपद्रवी जागीच. उंचावरून पाहणे हे पाप नव्हे. एकदा पाहून झाल्यावर खाली उतरण्याची गरज न वाटणे, तेथे पापाचा आरंभ होतो.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो येथे गोठ्याचा देखावा मांडला, तेव्हापासून ख्रिस्ती माणूस वर्षातून एकदा हे उतरणे शिकत आला आहे. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोहून गोठ्याविषयी पत्र प्रसृत केले. त्यात त्यांनी गोठ्यातील भिकारी, लोहार, पाववाला अशा साध्या माणसांच्या मूर्तींचे कौतुक केले आहे. शुभवर्तमानात ज्यांचा उल्लेख नाही त्यांनाही गव्हाणीजवळ जागा आहे, ती कोणी उचलून बाजूला ठेवत नाही. आणि ज्याने विश्व घडवले तो परमेश्वर आपली निर्मिती वरून न्याहाळत राहिला नाही. तो स्वतः लहान झाला, आणि तेही अशा घरात, ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती.

बागेतील रेल्वेचा एक गुण मला त्या संध्याकाळी उमगला. ती जमिनीवर असते. तिची दुरुस्ती करायची तर गुडघे टेकावे लागतात. आणि गुडघे टेकले की साडेसात सेंटिमीटरचा गँगमन पुरुषभर उंच दिसू लागतो, झोपडीच्या दारातून आतला काळोख दिसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच गुडघ्यांवर बसलो. झोपडी जागेवर आणली आणि नवे वळण उखडून पहिले, लहान वळण पुन्हा टाकले. त्यावरून लांब डबे जात नाहीत. भाच्याला ते फार प्रिय होते. ते आता कपाटात आहेत, आणि आमच्या मार्गावर दोन आखूड डब्यांची पॅसेंजर सावकाश धावते. भाचा अजून अधूनमधून कुरकुरतो. मी त्याला दोष देत नाही. वळणाची किंमत त्याने मोजली आहे. परवा मात्र तो त्या झोपडीच्या दारात ठेवायला मातीची एक म्हातारी करत बसला होता.