रोड होल आणि हातातला क्लब

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ कोर्सवरचा सतरावा होल, म्हणजे ‘रोड होल’, 2010 च्या ओपन स्पर्धेसाठी 455 यार्डांचा 495 यार्ड झाला. ग्रीनला कुणी हात लावला नाही, टी तेवढी चाळीस यार्ड मागे गेली. मागे जागाच नव्हती, म्हणून ती कोर्सच्या हद्दीबाहेर, जुन्या रेल्वेमार्गापलीकडच्या सरावाच्या मैदानात बांधावी लागली. इतक्या जुन्या होलला हात का लावायचा, असं पुष्कळांना वाटलं. मला ते काम योग्य वाटतं. त्याचं कारण मात्र टीवर उभं राहून कळत नाही, त्यासाठी ग्रीनपाशी जावं लागतं.

ग्रीन अरुंद आहे आणि तिरकं पसरलेलं. डाव्या अंगाला, त्याच्या पोटात घुसल्यासारखा रोड बंकर आहे. खोल, उभ्या कडेचा. पलीकडे रस्ता आणि रस्त्याला लागून दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर उचलून सोयीच्या जागी ठेवायची मुभा नाही. आहे तिथूनच मारायचा. आता दोन-तीन नंबरच्या आयर्ननं लांबून मारलेला चेंडू कसा येतो ते पाहा. तो खालून येतो आणि जमिनीला टेकला की धावत सुटतो. या चिंचोळ्या पट्टीवर तो थोपवणं महाकठीण. वेजनं मारलेला चेंडू उंच चढतो, उभा खाली येतो आणि पडल्या जागी बसतो. बंकर तिथंच, भिंतही तिथंच. पण वेज हाती असलेल्या माणसाला त्यांची धास्ती उरत नाही.

1984 च्या ओपनमध्ये सहाव्या विजेतेपदाच्या मागे असलेल्या टॉम वॉटसनच्या हातात इथं दोन नंबरचा आयर्न होता. चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यापलीकडे भिंतीलगत जाऊन थांबला, आणि सेव्ह बॅलेस्टेरॉस जिंकला. पुढच्या पंचवीस वर्षांत क्लब बदलले, चेंडू बदलले, खेळाडूंची ताकद वाढली. त्याच जागेवरून दुसरा फटका आखूड क्लबनं बसू लागला. यार्डांचा आकडा कायम राहिला, होल मात्र आखूड झाला होता. नव्या टीनं तो लांबला म्हणण्यापेक्षा पूर्वीएवढा झाला, असं मी म्हणेन. दुसऱ्या फटक्याला हातात पुन्हा लांब आयर्न यावा, एवढाच त्या चाळीस यार्डांचा अर्थ.

ऑगस्टा नॅशनलच्या तेराव्या होलवर 2023 मध्ये हेच झालं. तिथं ग्रीनसमोर ओढा आहे, आणि दुसऱ्याच फटक्यात तो ओलांडायचा की अलीकडे थांबायचं, हा त्या होलचा जीव. 510 यार्डांचे 545 करून तो पेच परत आणला. त्यासाठी क्लबानं 2017 मध्येच शेजाऱ्याकडून जमीन विकत घेतली होती.

पण असे शेजारी किती कोर्सना मिळणार? ओल्ड कोर्सच्या एका टोकाला गाव आहे, दुसऱ्या टोकाला इडन नदीची खाडी. दर पिढीला टी मागे नेत राहिलं तर जमीन संपेल, पाणी आणि पायपीट वाढत जाईल. म्हणून चेंडूच कमी लांब जावा यासाठी त्याच्या चाचणीचे नियम कडक करायचा, आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांचा डिसेंबर 2023 चा निर्णय मला अधिक मुळाशी जाणारा वाटतो.

एरवी सतराव्यावर येणारा हौशी खेळाडू पुढच्याच टीवरून खेळतो. त्याचा पहिला फटका बेताचाच जातो, आणि दुसऱ्या फटक्याला तो पिशवीतून आजही लांबातला लांब क्लब काढतो.