अपस्माराची कैफियत

आमच्या घरात आत्याच्या दुखण्याला नाव नव्हते. तिला ‘तसे’ होते, एवढेच म्हटले जाई, आणि ‘तसे’ झाले की माजघरातील बायका मुलांना अंगणात पिटाळून दार लोटून घेत. चुलतभावाच्या मुंजीत मात्र दार लोटायला सवड मिळाली नाही. पंगत वाढता वाढता आत्याच्या हातून वरणाचे भांडे सुटले, मान एका अंगाला वळली, घशातून चमत्कारिक आवाज निघाला आणि दोन पानांच्या मधोमध ती कोसळली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तिच्या आवळलेल्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, आणि एरवी सोवळ्याओवळ्याचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पायरीखालची आपली वहाण मागवून भर पंगतीत तिला हुंगवली. दोन मिनिटांत झटके थांबले. श्रेय वहाणेला मिळाले. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच ओसरते, आणि म्हणून तिच्यावर केलेला कोणताही उपाय यशस्वी ठरतो, हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

‘अपस्मार’ हा शब्द स्मृतीच्या लोपावरून घडला. चरकाने दोषांनुसार त्याचे चार प्रकार सांगितले. हिपोक्रेटीसच्या परंपरेतील ग्रंथकाराने हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, असे ग्रीकांना बजावले. तरीही फेफरे, घुरे, मिरगी अशा नावांनी वावरणारा हा विकार लोकव्यवहारात भूतबाधेच्या आणि पूर्वकर्माच्या खातीच मांडला गेला. नटराजाच्या पायाखाली जो बुटका पुरुष तुडवला जातो, त्याचेही नाव अपस्मारच. वस्तुतः मेंदूतील पेशींचा परस्परांशी चालणारा विद्युत-व्यवहार एरवी आठवडी बाजारातील बोलण्यासारखा असतो, ज्याचा त्याचा सौदा वेगळा आणि सूरही वेगळा. आकडीच्या क्षणी सारा बाजार एका तालात ओरडू लागतो, एवढाच काय तो चमत्कार. जर्मनीत जेना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचे विद्युत-आलेखन केले व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा गलका कागदावर उमटू लागला. औषध तर त्याच्याही आधीचे. फिनोबार्बिटोन आकडीवर चालते, हे आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ साली दाखवले, आणि शंभरावर वर्षे उलटल्यावरही ते अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आहे.

असे असता जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे वाचताना मन थबकते. जगात सुमारे ५ कोटी अपस्माररुग्ण आहेत. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक आकडीमुक्त राहू शकतात. आणि गरीब देशांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना आवश्यक ते उपचार मिळत नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात औषधाचा साठा संपतो, मजुरी बुडवून महिन्याच्या महिन्याला शहर गाठणे परवडत नाही, ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु जो रोग घरातच कोणी उच्चारत नाही, त्याचे औषध दारात आणून ठेवले तरी ते उघडपणे घेणार कोण, हा प्रश्न मला या सर्वांहून बिकट वाटतो.

या लपवाछपवीला आपल्याकडे काही काळ कायद्याचाही शिक्का मिळाला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या मूळ मसुद्यात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो पाचव्या कलमात, वेडाच्या झटक्यांच्या शेजारी बसवला, आणि वारंवार आकडी येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्दबातल ठरवून मागण्याची वाट मोकळी केली. म्हणजे ज्या काळी गुणकारी औषधे हाती येऊन दशके लोटली होती आणि मेंदूचे क्ष-किरण छेदचित्र काढणारे सीटी स्कॅन यंत्र इंग्लंडात १९७१ पासून रुग्णांसाठी वापरात होते, त्या काळी आपल्या संसदेने हा विकार उन्मादाच्या दप्तरी जमा केला. अपस्मारासाठी झटणाऱ्या संस्थांनी पाठपुरावा केला, आणि १९९९ साली ते दोन शब्द कलमातून गळाले. मधल्या तेवीस वर्षांत किती संसार त्या दोन शब्दांवर मोडले, याची मोजदाद कोण करणार?

त्यांतला एक आमच्या घरातला. आत्याचे लग्न १९७८ साली झाले. गोळ्यांची पुडी आजीने शेंगदाण्याच्या डब्यात तळाशी दडवून दिली आणि कोणी विचारले तर डोकेदुखीची सांगावी, अशी ताकीद दिली. नव्या घरी डबा स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघर सासूच्या ताब्यात; गोळी आज चुकली, परवा चुकली, आणि अशी औषधे एकाएकी तुटली की आकडी उसळून येते, तसे झाले. आठव्या महिन्यात वकिलाची नोटीस आली. वडिलांनी ती मला दाखवली तेव्हा मी महाविद्यालयात होतो. तीत ‘फसवणूक’ हा शब्द होता, आणि खरे सांगायचे तर तो सर्वस्वी खोटाही नव्हता. खरे सांगितले असते तर लग्नच झाले नसते. आत्यापुढे दोनच दारे होती आणि दोन्हींना बाहेरून कडी होती.

कलम गेले, शेंगदाण्याचा डबा गेला नाही. आज तर त्याची किंमत अधिक आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध गरोदरपणी घेतल्यास दहांतील सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग येते, हे आता पक्के ठाऊक आहे. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम यांसारखी अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. पण हा बदल दिवस राहण्यापूर्वी करावा लागतो, आणि जिने नवऱ्यालाच सांगितलेले नाही, ती डॉक्टरांकडे हा विषय काढणार कशी?

जंताची गोष्टही अशीच अवघड जागेची. आपल्याकडे अनेकांच्या आकडीचे मूळ डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीत असते. ती मेंदूत जाऊन बसते. निष्ठावंत शाकाहारी कुटुंबाला हे निदान सांगितले की ते अपमान झाल्यासारखे उठून जाते. परंतु मेंदूतील अळी मांसातून येत नाही. कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या भाजीवरून वा हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात, तिथून ती येते. सोवळे तिला अडवत नाही, साबण अडवतो.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांची आकडी मात्र औषधांना दाद देत नाही. नीट निवडलेली दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्या-चौथ्याने फारसे साधत नाही. अशा वेळी मेंदूतील दोषाची जागा हुडकून ती शस्त्रक्रियेने काढणे हा काहींना खरा दिलासा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ११६ मुलांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षअखेरीस आकडीमुक्त होती. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतही हे काम १९९५ पासून चालू आहे. तरीही या दारापर्यंत पोहोचणारा रुग्ण बहुधा दहा-पंधरा वर्षे उशिरा येतो, आणि तोवर शाळा सुटलेली असते, नोकरी गेलेली असते.

आत्या माहेरी परतल्यावर आजीने पहिली गोष्ट केली ती गोळ्यांची पुडी डब्यातून काढून देवघराच्या फळीवर, सर्वांना दिसेल अशी, ठेवली. रात्री नऊला आत्या सर्वांदेखत गोळी घेई. त्यानंतर तिला आकडी आल्याचे मला आठवत नाही.

वाचकांना एवढेच सांगायचे, की स्थानकावर वा लग्नघरात कोणी असे कोसळले, तर गर्दी हटवावी, माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, तोंडात बोट, चमचा किंवा पाणी काहीही घालू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला दूरध्वनी करावा. वहाण पायातच राहू द्यावी.